पोल सुटला तरी शीड पडत नाही: फोरडेकवरच्या नवख्यांसाठी स्पिनेकर जाइब

शिडाच्या बोटीच्या फोरडेकवर, म्हणजे पुढच्या डेकवर, पहिल्यांदा उभं राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक समजूत असते. स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे फुगणारं मोठं शीड) पोलने, म्हणजे एका आडव्या दांडीने, धरून ठेवलाय, पोल निसटला की शीड गेलंच. माझीही हीच समजूत होती. त्यामुळे जाइबच्या वेळी, म्हणजे मागून येणारा वारा बोटीच्या दुसऱ्या बाजूला घेताना, मी पोल इतका घट्ट आवळून धरायचे, की जो सोडायचा असतो तोच हातून सुटायचा नाही.

आमच्या बोटीवर नौदलातून निवृत्त झालेले एक काका होते. एका शनिवारी मुंबई बंदरातल्या मिडल ग्राउंडजवळून परत येताना, अगदी हलक्या वाऱ्यात, त्यांनी मला पोल दोन्ही टोकांनी सोडवून डेकवर आडवा ठेवायला लावला. मी ठेवला आणि वर पाहिलं. शीड जसंच्या तसं फुगलेलं, फक्त दोन दोऱ्यांवर. काका म्हणाले, "अगं, शीड वाऱ्यावर उभं असतं, पोलवर नाही. ते सांभाळायला सुकाणूवाला आहे, शिडाच्या दोऱ्या जुळवणारा ट्रिमर आहे. तू तुझे हात बघ." पाच मिनिटं आम्ही तसेच चाललो होतो. त्या दिवसानंतर माझ्या हातातली घाई गेली. जाइब शिकवायची वेळ आली की मी नव्या माणसाला आधी हेच करून दाखवते.

हा लेख पोलवर चालणाऱ्या सिमेट्रिक स्पिनेकरबद्दल आहे. जे-२४ सारख्या, साधारण पंचवीस-तीस फुटांपर्यंतच्या बोटींवर हा पोल एका माणसाला हाताने फिरवता येतो. जे-८० सारख्या बोटीवर पुढे निघणारा दांडा, म्हणजे बोस्प्रिट, असतो आणि शीड असिमेट्रिक असतं. तिथे पोल फिरवायचाच नसतो, त्यामुळे ते काम वेगळं.

दोऱ्यांची नावं, आणि ती बदलतात कशी

स्पिनेकरच्या खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या बांधलेल्या असतात. ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूची दोरी पोलच्या टोकातून जाते, ती गाय. दुसऱ्या बाजूची मोकळी दोरी, जी ट्रिमर सतत खेळवत असतो, ती शीट. जाइब झाला की पोल दुसऱ्या बाजूला जातो आणि नावंही बदलतात. जी शीट होती ती गाय होते, गाय होती ती शीट होते. नवख्याचा गोंधळ इथेच होतो. मागून कुणी "गाय सोड" ओरडलं की कुठली, जुनी का नवी? म्हणून आम्ही जाइब चालू असताना "जुनी गाय" आणि "नवी गाय" असंच बोलतो. तुमच्या बोटीवर काय बोलतात ते जेट्टीवरच विचारून घ्या.

पोलला वर उचलून धरते ती टॉपिंग लिफ्ट, खाली ओढून धरतो तो डाउनहॉल. पोलचं एक टोक डोलकाठीवरच्या कडीत, दुसरं गायवर. दोन्ही टोकांना जबड्यासारखी खाच असते आणि ती बंद करणारा पिस्टन. पिस्टनला बारीक दोरी असते, ती ओढली की जबडा उघडतो. जबड्याचं तोंड वरच्या बाजूला हवं. तोंड वर असलं की पिस्टन ओढताच गाय स्वतःच्या ताणाने वर उसळून सुटते आणि पोल खाली राहतो. तोंड खाली असलं तर दोरी वर आणि पोल तिला लटकलेला, मग कितीही पिस्टन ओढा, सुटत नाही. बोट बांधलेली असतानाच ही एक गोष्ट बघून घ्या.

शेवटचं नाव ट्विंगचं. दोन्ही बाजूंना, कठड्याजवळ, शीट-गायला खाली ओढून धरणारी ही छोटी दोरी असते. वाऱ्याकडची ट्विंग ओढलेली असते, आडोशाकडची मोकळी. जाइबच्या आधी दोन्ही ओढायच्या. याचा फोरडेकवाल्याला मोठा फायदा होतो: जी नवी गाय एरवी डोक्यावरून लांब कुठेतरी जात असते, ती शराउडजवळ (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेजवळ) हाताच्या टप्प्यात येते. नवी गाय हाती येत नसेल तर वाकून, उडी मारून धरायला जाऊ नका. मागे ओरडून सांगा, "ट्विंग!"

आपल्या बंदरातला वारा आणि पाणी

पावसाळ्यात इथल्या बोटी पाण्याबाहेर असतात. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतचा हंगाम. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे असतात, हलके आणि उनाड. ते पडले की मध्ये थोडा वेळ नुसती तेलकट शांतता. मग दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि तीन-चार वाजेपर्यंत चांगला जोर धरतात. नवख्याने पहिले दहा-वीस जाइब सकाळच्या वाऱ्यात करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारच्या रेसमध्ये थेट फोरडेकवर पाठवणाऱ्या स्किपरला नम्रपणे नाही म्हणा.

वायव्येच्या वाऱ्यात स्पिनेकरची धाव साधारण उरण-करंजाच्या दिशेने होते. गेटवेजवळ कुलाब्याच्या इमारतींमुळे वारा तुकड्यातुकड्यांनी येतो. एक झुळूक भरभरून, पुढची अर्धवट, तिसरी भलत्याच दिशेने. किनाऱ्यापासून लांब गेलं की तो सलग होतो. जाइब कुठे करायचा हे स्किपर ठरवतो, पण पुढचं पाणी सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं. वाऱ्याचा काळसर पट्टा मागून येतोय का, हे मागे वळून एकदा बघायची सवय लावा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्याकडे उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, कमी भरतीच्या, म्हणजे भांगाच्या, दिवसांत बरंच कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास रेस असेल तर भरतीच्या मधल्या दोन तासांत बंदरात पाण्याला जबरदस्त ओढ असते. ओहोटी तुम्हाला वाऱ्याच्याच दिशेने नेत असेल तर शिडाला वारा कमी जाणवतो. स्पिनेकर मरगळतो आणि फोरस्टेला (डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत जाणाऱ्या तारेला) गुंडाळायचा धोका वाढतो. भरती समोरून येत असेल तर शिडात वारा जास्त भरतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपटायला लागते. म्हणजे वारा तोच असला तरी ओहोटीतला जाइब आणि भरतीतला जाइब तुमच्या पायांना सारखे लागत नाहीत.

आणि तिसरी, इथली खास. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचींची लाट, कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगते बोये, गोणपाट, प्लास्टिक. बोया दिसला की बोटाने दिशा दाखवून मागे सांगा. जाळं कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या फाळीत, अडकलं तर रेस तिथेच संपते आणि जाळ्याचंही नुकसान होतं, ते कुणाच्या तरी घरचं उत्पन्न असतं.

जाइब, हातांच्या क्रमाने

समजा पोल पोर्टला आहे, म्हणजे डाव्या बाजूला. बूम (मुख्य शिडाखालची आडवी दांडी) स्टारबोर्डला, म्हणजे उजव्या बाजूला. मागून हाक येते, "रेडी टु जाइब?" लगेच "रेडी" म्हणू नका. आधी बघा: जिब (पुढचं तिकोनी शीड) खाली आहे का, तिची शीट पोलवरून तर गेलेली नाही ना, टॉपिंग लिफ्ट कुठे अडकलेली नाही ना. मग उभे राहा आणि मग म्हणा.

उभं राहायची जागा डोलकाठीसमोर. पाठ डोलकाठीला टेकलेली, तोंड पुढे, पाय पसरलेले, गुडघे सैल. पाठ टेकली की दोन्ही हात मोकळे होतात आणि बोट हलली तरी तोल जात नाही. नजर वर शिडावर. बरेच जण सगळा वेळ पोलच्या टोकाकडे बघत बसतात. पोलचं टोक हाताला सापडतं, डोळ्यांना शीड लागतं. दुसरा फायदा असा की डोलकाठीच्या पुढे असताना बूम तुमच्यापर्यंत पोचत नाही. बूम पलीकडे जाईपर्यंत डोलकाठीच्या मागे पाऊल टाकायचं नाही. या नियमाला हलक्या वाऱ्याचीही सवलत नाही.

आता सुकाणूवाला बोट हळूहळू वाऱ्याच्या सरळ दिशेने आणतो. ट्रिमर जुनी गाय मागे ओढत पोल बोटीशी काटकोनात आणतो आणि शीट सैल सोडतो, म्हणजे शीड नाळेच्या समोर सरकत जातं. तुम्ही थांबा. नवख्यांच्या चुका बहुतेक या थांबण्याच्या जागी होतात. शीड अजून स्टारबोर्डच्या बाजूला असताना पोल सोडला तर गायवर पूर्ण ताण असतो. शीड बोटीच्या बरोबर पुढे आलं, दोन्ही कोपरे फोरस्टेच्या दोन बाजूंना सारखे दिसायला लागले, की गाय नरम पडते. ते हाताला कळतं. गायवर तळहात ठेवून बघा. ताणलेली दोरी तारेसारखी थरथरत असते, नरम झाली की थरथर थांबते.

मग उजव्या हाताने डोलकाठीकडच्या टोकाचा पिस्टन ओढून ते टोक कडीतून काढा. पोल आता टॉपिंग लिफ्टवर तोललेला आहे आणि जुन्या गायवर अडकलेला आहे, म्हणजे पडायची भीती नाही. सुटलेलं टोक उजवीकडे न्या, नवी गाय धरा आणि पोलचा जबडा तिच्याखाली नेऊन खालून वर चढवा. वरून दाबून बसवायला गेलात तर दोरीला पीळ पडतो. खालून वर, तोंड वर. टक असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

या क्षणी पोल डेकच्या आरपार आडवा आहे, दोन्ही टोकं दोन दोऱ्यांवर. आता पोल स्टारबोर्डकडे ढकलत न्या. डाव्या हाताने जुन्या टोकाचा पिस्टन ओढा. गाय सुटते, ती आता शीट झाली, तिच्याकडे परत बघायचं नाही. सुटलेलं टोक डोलकाठीच्या कडीकडे आणा आणि अडकवा.

शेवटचा हा टप्पा सगळ्यात जड जातो. पोलचं बाहेरचं टोक नव्या गायवर आहे आणि गाय ताणात असेल तर आतलं टोक कडीपर्यंत पोचत नाही, दोन-चार इंच कमी पडतात. तेव्हा दंडाच्या जोराने झगडू नका. "नवी गाय, ढील!" असं मोठ्याने म्हणा. ट्रिमरने हातभर दोरी सोडली की पोल जागेवर जातो. तरीही जात नसेल तर बहुतेक वेळा सुकाणूवाल्याने बोट लवकर वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळवलेली असते. तेही सांगा. फोरडेकवाला गप्प राहिला की मागच्यांना वाटतं सगळं नीट चाललंय.

टोक बसलं, पिस्टन बंद झाला, हाताने एकदा हिसका देऊन बघितलं, की हाक द्यायची, "मेड!", म्हणजे झालं. आवाज कॉकपिटपर्यंत पोचला पाहिजे. "मेड" ऐकल्याशिवाय सुकाणूवाला बोट वर वळवत नाही, ट्रिमर गाय मागे ओढत नाही. म्हणून काम पूर्ण होण्याआधी "मेड" म्हणण्यासारखी मोठी चूक फोरडेकवर नाही. मी ती एकदा केली आहे. टोक कडीत नुसतं टेकलं होतं, पिस्टन बंद झाला नव्हता, आणि मी ओरडले. ट्रिमरने गाय ओढली, पोल सुटून मागे आला आणि शराउडवर आपटला. माझा हात मध्ये नव्हता हे नशीब. त्या दिवसापासून हिसका दिल्याशिवाय तो शब्द तोंडातून येत नाही.

मग आडोशाकडची ट्विंग सुटते, पोलची उंची परत जुळवली जाते. शिडाचे दोन्ही खालचे कोपरे एका पातळीत दिसले पाहिजेत. आणि तुम्ही मागे या, लगेच. पुढे एक माणूस जास्त वेळ उभा राहिला तर नाळ पाण्यात दबते आणि बोट हळू होते. हलक्या वाऱ्यात येताना-जाताना मांजराच्या पावलांनी. धाडकन पाऊल टाकलं तर ते शिडात दिसतं, कडा थरथरते.

वारा वाढला की

वर सांगितलेला क्रम तोच राहतो. फरक इतका की पोल कधीही दोन्ही बाजूंनी एकदम सोडायचा नाही. काकांनी मला दाखवलं ते हलक्या वाऱ्यातलं आहे, पंधरा नॉट्सच्या वर ते करू नये. एक टोक कायम कशावर तरी हवं.

जोरात बूम पलीकडे जाताना बोट उसळते आणि सुकाणूवाला तिला क्षणभर उलट वळवून सावरतो. तुमच्या पायांखाली ते एखाद्या एसटीने घाटात दोन वळणं लागोपाठ घ्यावीत तसं जाणवतं. पोल हातात असताना पहिल्या झोल्याला काही करू नका, पाठ डोलकाठीला घट्ट ठेवा आणि बोट स्थिरावली की पुढचं टोक. दोन सेकंद गेले तर जाऊ देत. दुपारच्या वाऱ्यात बहुतेक जाइब फोरडेकवाल्याच्या संथपणामुळे नाही, उतावीळपणामुळे फसतात.

बोट आडवी पडायला लागली, म्हणजे ब्रोच व्हायला लागली, तर पोल सोडा आणि बोट धरा. शराउड, डोलकाठी, काहीही. शीट आणि किकर (बूम खाली ओढून धरणारी दोरी) सोडायचं काम मागच्यांचं आहे. ताणातल्या दोरीच्या वळशात पाय ठेवायचा नाही आणि हाताला दोरी गुंडाळायची नाही, हे इथे परत सांगते कारण गडबडीत माणूस नेमकं तेच करतो. लाइफ जॅकेट नेहमीच, कमरेला चाकू. हातमोजे बोटांची टोकं उघडी असलेले घ्या, नाहीतर पिस्टनची बारीक दोरी सापडत नाही.

शीड गुंडाळलं गेलं तर

स्पिनेकर कोसळून फोरस्टेभोवती पीळ घालत बसतो, मधे आवळलेला, वर-खाली फुगलेला. मेनच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, आडोशात, ओहोटीच्या ओढीत, हलक्या वाऱ्यात हे जास्त होतं. पहिली प्रतिक्रिया असते पुढे जाऊन हाताने ओढायची. ओढलं की पीळ आणखी आवळतो. बघा शीड कुठल्या दिशेने फिरतंय, आणि स्किपरला सांगा. मेन पलीकडे घेतली, म्हणजे बूम दुसऱ्या बाजूला नेली, की मेनमागून येणारी हवा उलट्या बाजूने फिरते आणि अनेकदा पीळ आपोआप उलगडतो. एक-दोन मिनिटं लागतात. त्यातून सुटलं नाही तर हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) थोडी सोडून खालून एक कोपरा खेचत काढायचं.

मोठ्या बोटीवर गेलात तर

तिथे पोल एका माणसाच्या हातात मावत नाही. पोलचं आतलं टोक डोलकाठीवरच्या ट्रॅकवर वर चढवतात, बाहेरचं टोक खाली सोडून फोरस्टेच्या आतून पलीकडे काढतात, आणि नाळेवर बसलेला माणूस त्यात नवी गाय अडकवतो. याला डिप-पोल म्हणतात. प्रत्येक कोपऱ्याला शीट आणि गाय वेगवेगळ्या असतात, म्हणून दोऱ्या चार. पोलचं टोक तुमच्या डोक्याच्या उंचीवरून येतं, त्यामुळे तिथे बसूनच काम करायचं. आधी छोट्या बोटीवर हात बसवा.

सराव

पाण्यावर न जाताही बराच सराव होतो. बोट मूरिंगवर किंवा ट्रेलरवर असताना दोन्ही शीटा फोरस्टेसमोर एकत्र बांधा, टॉपिंग लिफ्टवर पोल लावा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवत राहा. वीस वेळा डोळे उघडे ठेवून, मग दहा वेळा डोळे मिटून. डोळे मिटून जमलं की खऱ्या जाइबमध्ये नजर शिडावर ठेवता येते. एका माणसाला मागून "ढील दे", "ओढ" असं करायला लावा, म्हणजे तुमच्या हाकांचाही सराव होतो. मुंबईत हा खेळ जुना आहे, रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापनाच १८४६ ची. जेट्टीवर अर्धा तास शिकवायला तयार असणारी जुनी माणसं सापडतात. विचारायला लाजू नका.

परत आल्यावर पोलची दोन्ही टोकं गोड्या पाण्याने धुवा, पिस्टन दहा-बारा वेळा उघड-बंद करा. आपल्या हवेत मिठाने पिस्टन दोन दिवसांत धरतो. ग्रीस लावू नका, त्यावर वाळू चिकटते. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. आणि शेवटच्या मार्कला स्पिनेकर उतरवल्यावर टॉपिंग लिफ्ट परत डोलकाठीपाशी आणून अडकवा. ती पुढे मोकळी राहिली तर पहिल्याच टॅकला (वाऱ्यासमोरून बोट वळवताना) जिबमध्ये अडकते, आणि सोडवायला परत तुम्हालाच पुढे जावं लागतं.